कॉफी कोण करणार?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या एका लहान गावातून आलेलं पत्र, थोडक्यात:

लिहिणाऱ्या बाई ५४ वर्षांच्या. माहेर अहमदनगर, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. यजमान तिथलेच, नॉर्वेजियन वंशाचे. त्यांच्या ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चमध्ये बाई १९ वर्षांपासून जातात. रविवारी जेमतेम साठ माणसं येतात, बहुतेक सत्तरीपुढची. पास्टर तरुण आहेत आणि दोन गावांची चर्च एकट्या सांभाळतात. बाई इस्पितळाच्या लॅबमध्ये पूर्णवेळ नोकरी करतात. शिवाय चर्चमध्ये वेदीची मांडणी, काउन्सिलचं, म्हणजे कारभारी मंडळाचं, चिटणीसपद, ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं दर बुधवारचं सूप, अंत्यविधीनंतरची जेवणं आणि गुरुवारच्या गोधड्या. ऑक्टोबरात एका अंत्यविधीच्या दिवशी कॉफीच्या मोठ्या पिंपापाशी त्यांना एकदम रडू कोसळलं. का ते सांगता येईना. आता जानेवारीच्या वार्षिक सभेत काउन्सिलचं अध्यक्षपद घ्याल का, असं पास्टरनी विचारलं आहे. बाई लिहितात: "उपासनेत देव आठवत नाही, कॉफी उकळली असेल का ते आठवतं. माझी श्रद्धा आटली का? माझी आजी मरेपर्यंत देवळाचा, म्हणजे आमच्या चर्चचा, केर काढत होती, ती कधी दमली नाही. चर्च बदलू, सगळं सोडू, की मुकाट्याने करत राहू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. काउन्सिलबद्दल तुम्ही दोन वाक्यं लिहिली आहेत. सुपाबद्दल एक, तेही कांद्यांविषयी. आणि गोधड्यांबद्दल अख्खं पान! कोणाच्या गेलेल्या नवऱ्याचे शर्ट आले, कोणी भलत्याच रंगाची लोकर आणली, ऐंशीच्या घरातल्या बाई गाठी मारता मारता कसले चावट विनोद सांगतात. श्रद्धा आटलेल्या माणसाला एवढं बारीकसारीक दिसत नाही. तेव्हा तो प्रश्न मी आधीच बाजूला ठेवते. लग्नघरात मुलीच्या आईला मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत, तिचं लक्ष वाढप्यांकडे असतं. म्हणून तिची लेकीवर माया नाही असं कोणी म्हणत नाही. तुम्ही १९ वर्षं दर रविवारी लग्नघरातली आई होऊन उभ्या आहात. कॉफीच आठवणार.

आधी एक कबुली. मी ख्रिस्ती नाही. मिनेसोटात दोन हिवाळे काढले आणि शेजारणीबरोबर तिच्या ल्यूथरन चर्चच्या तळघरात पुष्कळ बटाटे सोलले, एवढाच माझा अधिकार. इतर वाचकांसाठी सांगते: एकोणिसाव्या शतकात नॉर्वे-स्वीडनचे शेतकरी मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि गावोगाव त्यांनी ल्यूथरन चर्च बांधली. वरच्या मजल्यावर उपासना होते, पण गावाचा संसार चालतो तो तळघरात. कोणी गेलं की बायका तिथे हॅमचे सँडविच, लोणच्याच्या काकड्या, ओव्हनमधून काढलेला हॉटडिश आणि 'बार्स' नावाच्या गोड वड्या मांडतात. दफन करून थंडीतून परतलेल्या माणसांच्या हातात गरम कप ठेवला जातो. फारसं कोणी बोलत नाही. मला ते फार आवडायचं. म्हणून 'सगळं सोडून द्या, स्वतःचं बघा' असला सल्ला माझ्याकडून येणार नाही.

बायबलातल्या मार्था आणि मरीयेची गोष्टही मी सांगणार नाही, एक बहीण स्वयंपाकात राबते आणि दुसरी येशूच्या पायाशी ऐकत बसते ती. ती तुम्हाला आजवर पन्नास जणांनी ऐकवली असेल, आणि ऐकवणारे बहुतेक आयत्या ताटावर बसलेले असतील.

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला खटकलं: "या लोकांनी मला आपलं मानलं, त्याची परतफेड करायला नको का?" ताई, १९ वर्षं झाली. नवी सून सासरी आली की पहिली काही वर्षं कामाने सगळ्यांचा जीव जिंकते, हे आपल्याकडच्या मुलींच्या हाडीमाशी रुजलेलं असतं. तुम्ही एका घराशी नाही, अख्ख्या चर्चशी सून म्हणून वागलात. लेफ्सा, म्हणजे नॉर्वेजियन बटाट्याची पोळी, त्यांच्या आज्यांपेक्षा पातळ लाटायला शिकलात. ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांत वेदीवर निळं वस्त्र, उपवासकाळात जांभळं, पेंटेकॉस्टच्या सणाला लाल, हे तिथे जन्मलेल्यांपेक्षा तुम्हालाच जास्त पाठ. आणि अजून तुम्हाला वाटतं की एक बुधवार चुकला तर कोणीतरी 'शेवटी बाहेरचीच' म्हणेल. त्यांच्यातल्या कोणी असं म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही. हे भाडं तुमच्याकडे कोणी मागितलेलं नाही, ताई. तुम्हीच दर महिन्याला भरत आलात.

आणि गंमत म्हणजे हे तुम्ही ज्या चर्चमध्ये करताय, त्याचा सगळा डोलारा नेमका उलट्या गोष्टीवर उभा आहे. माणूस आपल्या कामांनी देवाच्या घरात जागा मिळवत नाही, ती त्याला कृपेने फुकट मिळते, हाच तर मार्टिन ल्यूथरचा सोळाव्या शतकातला मुख्य झगडा. तुमच्याकडे सहा आठवड्यांच्या बाळाला बाप्तिस्मा देतात. त्या बाळाने कोणतं सूप केलेलं असतं? कोणत्या समितीत बसलेलं असतं? तरी ते त्या दिवसापासून मंडळीचं पुरतं सभासद, तसूभरही कमी नाही. ही शिकवण वेदीवरचं वस्त्र बदलताना तुम्ही कितीदा ऐकली असेल! फक्त ती आपल्यालाही लागू आहे, हे राहून गेलं.

१५२० साली ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक पुस्तिका लिहिली. तिच्या सुरुवातीला दोन विधानं आहेत: ख्रिस्ती माणूस सर्वांहून स्वतंत्र धनी आहे, तो कोणाच्या ताब्यात नाही, आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे, तो सर्वांच्या ताब्यात आहे. क्रम बघा. स्वातंत्र्य आधी येतं. ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याच्याच 'हो'ला सेवा म्हणायचं. तुम्ही दुसरं विधान १९ वर्षं इमानाने जगलात, पहिलं कपाटातच राहिलं.

अजून एक गोष्ट ल्यूथरचीच. जोड्यांवर क्रूस न काढता जोडेच चांगले शिवणाऱ्या प्रामाणिक चांभाराचा एक दाखला त्याच्या नावावर फिरत असतो, तो त्याच्या लिखाणात सापडत नाही म्हणतात. लंगोटांची गोष्ट मात्र खरी आहे, १५२२ च्या लग्नाविषयीच्या लेखातली. बाप पोराचे लंगोट धुतोय आणि लोक त्याला बायल्या म्हणून हसताहेत. ल्यूथर लिहितो, तो ते श्रद्धेने करत असेल तर देव आपल्या सगळ्या दूतांसह कौतुकाने हसतो. तेव्हा मठातली सेवा वरच्या दर्जाची आणि घरातली खालच्या, अशी समजूत होती. ती त्याने मोडून काढली. आज त्याच्याच नावाच्या चर्चमध्ये तीच उतरंड मागच्या दाराने परत आली आहे असं मला वाटतं. काउन्सिलची सभा म्हणजे सेवा. मग लॅबमध्ये अनोळखी माणसाच्या रक्ताचा नमुना तुम्ही नीट तपासता, कारण त्याच्या औषधाचा डोस त्यावर ठरणार असतो, ते काय? ती नोकरी, पोटासाठी! ल्यूथरला ही वाटणी पटली नसती.

त्याच्या शिकवणुकीचं सार पुष्कळदा असं सांगतात: देवाला तुमच्या सत्कृत्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. हेच फुटपट्टी म्हणून वापरा. प्रत्येक कामापुढे विचारा, यातला शेजारी कोण? अंत्यविधीच्या जेवणात तो लगेच दिसतो, काळ्या कोटातली ती विधवा. गोधडीतही दिसतो. ल्यूथरन वर्ल्ड रिलीफ १९४५ मध्ये युद्धाने मोडलेल्या युरोपसाठी सुरू झाली आणि तुमच्या ६० बाय ८० इंची गोधड्या आज तिच्यामार्फत जगभर कोणाकोणाच्या अंगावर जातात. काउन्सिलच्या इतिवृत्तात शेजारी शोधावा लागतो. चाळीस मिनिटं छपराच्या गळतीवर! अर्थात छप्पर गळतंय हेही खरं, आणि कोणीतरी ते लिहून ठेवायलाच हवं. पण ते 'कोणीतरी' म्हणजे तुम्हीच, हे कुठल्या शास्त्रात आलं?

आता आजी. ती कधी दमली नाही, हे तुम्ही आठ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आठ वर्षांच्या मुलीला आजीची कंबर दिसत नाही. शिवाय आजीच्या हातात एकच झाडू होता. देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर, घरात दोन सुना आणि झाडून झालं की पायरीवर बसून गप्पा, हे सगळं तुम्हीच लिहिलं आहे. आजीने देवळाचा हिशेब ठेवला नाही, पाळकसाहेबांच्या सभेची टिपणं घेतली नाहीत आणि आठवड्याचे चाळीस तास नोकरीही केली नाही. तिच्याशी बरोबरी करायची तर एक झाडू धरा. एकच.

तुमच्या गावातली अडचण एकट्या तुमची नाही, हेही समजून घ्या. तुमचं चर्च ज्या मोठ्या संघात आहे, तो १९८८ मध्ये तीन ल्यूथरन संघ एकत्र येऊन झाला. तेव्हा त्याचे सभासद पन्नास लाखांहून जास्त होते, आता तीस लाखांच्या खाली आले आहेत. माणसं घटली, पण कामांची यादी जुनीच राहिली. दोनशे माणसांसाठी आखलेला संसार साठ माणसं ओढताहेत, आणि त्यातल्या तीसजणांचे गुडघे गेलेले. हे कोणाच्या आळसामुळे झालेलं नाही. पण साठ माणसांनी साठ माणसांएवढंच करायचं ठरवावं लागतं, आणि उरलेली उणीव एक बाई भरून काढत असेपर्यंत ते कोणी ठरवत नाही. तुमच्या कष्टांचा हा तोटा तुमच्या ध्यानात आला नसेल. पिंप दर रविवारी आपोआप भरलेलं दिसतं, मग ते भरतं कोण हे कोण विचारणार?

तुम्ही दिलेल्या तीन वाटांपैकी चर्च बदलण्याची मला सर्वात कमी पटते. तुमचा स्वभाव तुमच्याबरोबर गाडीत बसून येईल आणि सहा महिन्यांत तिथल्या पिंपापाशी तुम्हीच असाल. शिवाय गुरुवारच्या त्या चावट बाई तिथे नाहीत. मुकाट्याने करत राहणं तर शरीरानेच नाकारलंय, ऑक्टोबरात. आणि एका दिवसात सगळं टाकणं? तुमचा तो हक्क आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर तसंच करा. पण तुमच्यासारखी बाई रागाने सोडते आणि मग वर्षभर अपराधी वाटून घेत घरी बसते, हे मी पाहिलं आहे. तिची विश्रांती होत नाही.

मला सुचतं ते असं. अध्यक्षपदाला आत्ताच नकार द्या, जानेवारीची वाट न पाहता, म्हणजे पास्टरना दुसरं माणूस शोधायला वेळ मिळेल. आणि तोंडाने स्पष्ट द्या. तिथे तुमची गाठ तुमच्यासारख्याच भिडस्त लोकांशी आहे, हे लक्षात असू द्या. मिनेसोटाचा माणूस कॉफी दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. आपल्याकडचं 'नको नको, आत्ताच जेवून आलो' तेच. अशा दोघांमध्ये "बघते", "जमलं तर" या शब्दांचा अर्थ 'हो' असाच धरतात. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण नॉर्वेजियनमध्ये आहे का माहीत नाही, असायला हरकत नव्हती. तेव्हा असं बोला: "मी अध्यक्ष होणार नाही. चिटणीसपदही जानेवारीत सोडते आहे. मी दमले आहे आणि हे मला आधीच सांगायला हवं होतं." पुढे कारणांची माळ लावू नका. कारण दिलं की समोरचा प्रेमाने त्यावर उपाय सुचवतो आणि तुम्ही परत अडकता. तुमच्या मंडळीची घटना काढून वाचा. बहुतेक ठिकाणी काउन्सिलच्या सभासदाला लागोपाठ किती मुदती राहता येतं याला मर्यादा घातलेली असते, आणि लहान गावात ते कलम सगळे सोयीस्कर विसरतात.

वेदीचं काम असं अर्ध्यावर टाकता येणार नाही, कारण ते फक्त तुमच्या डोक्यात आहे. एका कागदावर उतरवा: कोणतं वस्त्र कोणत्या खणात, प्रभुभोजनाचे पेले किती, मेणबत्त्या कुठून मागवायच्या. आणि ईस्टरपर्यंत कोणाला तरी बरोबर घ्या. तुमच्या पत्रात एक चौदा वर्षांची मुलगी ओझरती येऊन जाते, कन्फर्मेशनच्या (मोठ्या मुलांच्या श्रद्धादीक्षेच्या) वर्गातली, 'उगाच वेदीपाशी घुटमळणारी'. उगाच नसेल घुटमळत. सुपाच्या बुधवारांसाठी भिंतीवर कोरा तक्ता लावा आणि त्यात तुमचं नाव एकदाच लिहा. ज्या बुधवारी कोणाचंच नाव नसेल त्या बुधवारी सूप होणार नाही. लोक घरी जेवून येतील आणि प्रार्थना करतील. तो रिकामा रकाना ऐन वेळी भरायला धावू नका, हेच तुम्हाला सर्वात अवघड जाणार.

अंत्यविधीचं जेवण ठेवायचं की सोडायचं, यावर माझं मत पक्कं होत नाही. शेजारी दिसतो तो तिथेच, आणि तुम्ही रडलात तेही तिथेच. कदाचित ते रडणं दमण्याचं नसेलही. १९ वर्षांत त्या तळघरात तुम्ही किती ओळखीच्या माणसांना निरोप दिला, आणि प्रत्येक वेळी हातात ट्रे. एकदा ट्रेशिवाय जाऊन बघा, लोकांमध्ये बसा. मग ठरवा. गोधड्या मात्र सोडू नका. तिकडच्या गोधड्या शिवत नाहीत, लोकरीच्या गाठी मारून बांधतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आठवून हसू आलं, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्या पत्रात तुम्ही तेवढ्याच एका जागी हसला आहात.

यजमान तुमच्या पत्रात एकदाच येतात, हिवाळ्यात गाडी गरम करून ठेवायला. ते जन्मापासून ल्यूथरन आहेत ना? पिंप घासायला बाप्तिस्म्याची अट नाही, पण त्यांची तर तीही पुरी आहे. आणि नवी पास्टर शत्रू नाही. दोन गावं सांभाळणारी ती पोर तुमच्याइतकीच दमलेली असणार. तिने तुम्हाला विचारलं कारण तुम्ही कधीच नाही म्हणाला नाहीत. उद्या तुम्ही म्हणालात तर कोण जाणे, तिलाही धीर येईल.

दोन महिने रविवारी कोणतंही काम न घेता मागच्या बाकावर बसून बघा. पहिले काही रविवार हात शिवशिवतील, देव काही लगेच येऊन शेजारी बसणार नाही. बसू दे किंवा न बसू दे. आणि डॉक्टरांना त्या रडण्याबद्दल सांगा. ५४ वय, मिनेसोटाचा दुपारी साडेचारलाच अंधारणारा डिसेंबर, अपुरी झोप. थायरॉईड, रजोनिवृत्ती, नैराश्य यांतलं काहीही 'श्रद्धा आटली' असं सोंग घेऊन येऊ शकतं. लॅबमधल्या बाईला मी रक्त तपासायला सांगते आहे, माफ करा.

ही यादी फक्त चर्चवाल्यांसाठी नाही. गणेशोत्सवाच्या मंडळात, सोसायटीच्या कमिटीत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात दिवाळीला दोनशे करंज्या एकटीने तळणाऱ्या बायकांची पत्रं माझ्याकडे येतच असतात. त्यांनीही कोरा तक्ता लावावा.

राहिली तुमची ताजा कलम म्हणून लिहिलेली ओळ, जी मला पत्रातली सर्वात महत्त्वाची वाटली. नगरला आई ८१ वर्षांची, रात्री नऊला झोपते, आणि रविवारचा फोन 'हल्ली राहूनच जातो'. हिवाळ्यात तुमचं घड्याळ तिच्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. तुम्ही सकाळी आठला वेदी मांडायला पोहोचता तेव्हा तिकडे साडेसात वाजलेले असतात आणि ती जागी असते. भांडी धुऊन बाराला मोकळ्या होता तेव्हा तिकडे साडेअकरा. शेजारी कोण, या प्रश्नाचं एक उत्तर या हिशेबात आहे. येत्या रविवारी आठला चर्चमध्ये जाऊ नका. फोन लावा, तासभर बोला, आजीला खरंच कधी दमलेलं पाहिलं नव्हतं का तेही तिला विचारा. मग सावकाश साडेनऊच्या उपासनेला जा.

कॉफी कोणीतरी केलेली असेल. पातळ असेल. प्या.